बकारामच्या दारचा मांडव

गाडी तालुक्याच्या गोरेगावातून बाहेर पडताच जियालाल भैरमने बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि कपाळावरचा टिळा खसाखसा पुसायला घेतला. टिळा साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा होता. नवऱ्या मुलीच्या आजीने तो अंगठ्याने असा दाबून लावला होता, की पुसता पुसता कपाळभर गुलाबी रंग पसरला आणि आमदारसाहेब आत्ताच कुठूनतरी निवडून आल्यासारखे दिसायला लागले.

"अजून आहे का?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

दुर्गेशने आरशात पाहिलं. "डाव्या भिवईवर हाये, साहेब. बाकी गेलं."

पुढचा कार्यक्रम तेरवीचा, तेराव्या दिवसाच्या जेवणाचा होता, म्हणून ही घाई. तेरवी हिरडीटोला नावाच्या वाडीवर आहे एवढं जियालालला ठाऊक होतं. कोणाची, ते नव्हतं. असल्या गोष्टी ठाऊक ठेवायचं काम हिमांशूचं, म्हणजे त्याच्या पीएचं, आणि हिमांशू सध्या नागपुरात, पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर, दिवाणखान्याबाहेरच्या सोफ्यावर बसून होता. तिकीट कोणाला मिळतं ते आतल्या माणसांना कळायच्या आधी बाहेरच्या सोफ्यावर कळतं, असा त्याचा अनुभव. तिथूनच त्याने सकाळी निरोप बोलून पाठवला होता: "साहेब, साक्षगंध झालं की हिरडीटोला. तेरवी हाये. मांडव रस्त्यावरूनच दिसते. आपले जुने..." आणि आवाज तुटला. जियालालने तो गाडीत बसल्यावरच ऐकला; फोन लावेपर्यंत जंगल लागलं आणि मोबाइलची रेंज गेली ती गेलीच.

आपले जुने कोण? जुने कार्यकर्ते, जुने विरोधक, की जुने व्याही? जियालालच्या आयुष्यात ही तिन्ही माणसं बहुधा एकच असत.

पक्षाचंही तसंच झालं होतं. पक्ष मध्यंतरी फुटला होता आणि दोन्ही तुकडे जियालालला आपलाच मानत होते. पत्रकारांनी विचारलं तर तो "मी जनतेसोबत आहे" असं सांगे. याचा अर्थ एवढाच, की तो स्वतःही निकालाची वाट पाहत होता. गाडीच्या डिकीत वेगवेगळ्या रंगांचे दुपट्टे घडी करून ठेवलेले असत आणि कोणत्या गावाला कोणता, हेही हिमांशूलाच माहीत. आज तेरवी असल्यामुळे गळा मोकळा ठेवायला निमित्त मिळालं होतं, आणि त्या मोकळ्या गळ्याने जियालालला सकाळपासून जरा बरं वाटत होतं.

पण हिरडीटोला टाळण्यासारखा नव्हता. मागच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला समोर बसवून, पान लावत लावत सांगितलं होतं, "जियालालजी, इंद्रकुमारची माणसं रोज इथे येऊन बसतात. त्याची राइस मिल आहे, त्याच्याकडे सगळं आहे. तुमच्याकडे काय आहे? हिरडीटोला अन् आसपासचे टोले. ते तुमच्यासोबत आहेत एवढं दिसू द्या, तिकीट तुमचं. नाही दिसले, तर मग रामराम."

चौथ्यांदा निवडून येणं किंवा घरी बसणं, एवढाच प्रश्न होता. घरी बसून काय करतात ते जियालालला आठवत नव्हतं.

दुर्गेशने गाडी हळू केली. "साहेब, मांडव."

मांडव खरंच रस्त्यावरून दिसत होता. गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, तेच जे सकाळी साक्षगंधाला होतं. या भागात साक्षगंध, तेरवी, बारसं आणि पक्षप्रवेश, सगळं एकाच बिछायत केंद्राच्या कापडाखाली होतं. खुर्च्याही त्याच, कढयाही त्याच आणि जेवणही तेच: वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. फरक फक्त चेहऱ्यात करावा लागतो. जियालालने इतक्या वर्षांत असा एक चेहरा कमावला होता जो दोन्हीकडे चालत असे, आणि वेळेवर तो कुठल्याही बाजूला कलवता येत असे.

तो गाडीतून उतरला आणि मांडवातलं बोलणं एकदम थांबलं.

कोणी उठलं नाही. कोणी "या साहेब" म्हटलं नाही. एकाचा अर्धवट वर आलेला हात तसाच खाली गेला. दुःखाच्या घरी आलेल्याला कोणी रामराम करत नाही, हा इथला रिवाज. तेव्हा आपण योग्य मांडवात आलो याची जियालालला खात्री पटली. त्याने चेहरा खाली कलवला.

घर नवं होतं, स्लॅबचं, निळ्या रंगाचं. हे कोणाचं, याचा विचार करत तो पुढे सरकला आणि मधल्या खांबापाशी त्याला बकाराम दिसला.

बकाराम गुळगुळीत डोक्याने बसला होता. एकही केस नाही.

हिमांशूचं "आपले जुने" म्हणजे हे. याच्याच घरी कोणीतरी गेलं होतं. पहिल्या निवडणुकीत, जियालालला कुठलाच पक्ष विचारत नव्हता तेव्हा, या बकारामने सायकलच्या कॅरिअरला भोंगा बांधून सगळे टोले पालथे घातले होते. सभेत समोरून कोण येतो, त्याचं नाव काय, त्याच्या बैलाला काय झालं होतं, हे तो मागे उभा राहून जियालालच्या कानात सांगे. लोक म्हणत, काय याददाश्त आहे भाऊची. पुढे भोंग्याच्या गाड्या आल्या, कानात सांगायला हिमांशू आला, आणि बकारामच्या मातीच्या घरी जाणं राहून गेलं. ते घर पाडून त्याने स्लॅब कधी टाकला, तेही जियालालला कळलं नव्हतं.

पण गेलं कोण? बकारामची आई जियालालच्या पहिल्याच टर्ममध्ये गेली होती. त्या तेरवीला तो बोललाही होता. मग बकारामची बायको, धुरपताबाई? त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. एवढ्यात धुरपताबाईच लोट्यात पाणी घेऊन समोर आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. जियालालला सुटल्यासारखं वाटलं.

"पाय धुवा," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

बकारामने बाजूची खुर्ची पुढे केली. "बसा, साहेब. तुमी याल असं वाटलं नव्हतं आमाले."

"का नाही येणार? घरचंच आहे." जियालालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कळवायला हवं होतंस, बकाराम."

"कसं कळवाव?" बकाराम खाली पाहत म्हणाला. "तोंडच होत नव्हतं."

जियालालने मान हलवली. त्याला आता एकाच माणसाची आठवण होत होती आणि तो माणूस मांडवात कुठेच दिसत नव्हता. बकारामचा एकुलता एक मुलगा, ओमेश्वर.

खांबापलीकडे जमीन सारवली होती. तिथे पाटावर एक तरुण बाई बसली होती, फिक्या सुती साडीत, खांद्यावरून पदर घट्ट ओढून. कपाळ मोकळं. ही बकारामची सून, चेतना; पंचायत समितीत निवडून आली तेव्हा तिचा सत्कार जियालालनेच केला होता. तेव्हा तिच्या कपाळावर केवढी मोठी टिकली होती. आता तिच्यासमोर ताट होतं. ताटात कुंकू, अक्षता, नारळ आणि घडी केलेला पांढरा शेला.

जियालालला सगळं कळलं.

तेरवीच्या दिवशी पंगत बसायच्या आधी, गेलेल्या माणसामागे जो घर सांभाळणार त्याच्या खांद्यावर शेला टाकतात आणि टिळा लावतात. आलेल्यांमधला मोठा माणूस हे करतो. शेला सगळ्यांसमोर पडला की गाव त्या माणसाला घरचा कर्ता मानतं. पुढे कोणाला पटो न पटो, तो शेला परत घेत नाहीत. ओमेश्वरमागे बकारामने सुनेला बसवलं होतं. भाऊबंदांपैकी कोणाला नाही, सुनेला. विधवेच्या कपाळी कुंकू लागलं पाहिजे, असं भाषण जियालालने दोन-तीनदा केलं होतं; कोणी ते ऐकलं असेल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

ओमेश्वर लहानपणी त्याच भोंग्याच्या सायकलवर पुढे दांडीवर बसायचा. मोठा झाल्यावर एकदा मुंबईला आमदार निवासात आला होता. शिपायाची जागा निघाली होती म्हणे. जियालाल तेव्हा विधिमंडळाच्या आश्वासन समितीवर होता आणि घाईत होता. "पुढच्या आठवड्यात पाहू," असं त्याने लिफ्टमधून सांगितलं होतं. लिफ्टचं दार बंद होताना पोराने हसून हात जोडले होते. तो पुढचा आठवडा कधी झाला नाही.

जियालालच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्याचंच नवल वाटलं. दुःखाच्या घरी डोळ्यांना रुमाल लावायची त्याला सवय होती, पण रुमाल ओला व्हायची नव्हती.

तो उठला. इतक्या वर्षांत त्याच्या हातांना एक वळण पडलं होतं: फीत दिसली की कापायची, नारळ दिसला की फोडायचा, ताट दिसलं की पुढे व्हायचं. कोणी काही म्हणायच्या आत त्याने शेला उचलला होता.

गावचे पोलीस पाटील उदाराम खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, साहेब... तुमाले माहीत हाये न हे काय होऊन राहिलं?"

जियालालने हातानेच त्यांना थांबवलं. "मला सगळं माहीत आहे, उदारामजी. मन घट्ट करूनच आलोय."

उदाराम बसले ते खुर्चीच्या कडेवर. चेतनाने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. जियालालने शेला उलगडून तिच्या खांद्यावर टाकला, कुंकवात अंगठा बुडवला आणि तिच्या मोकळ्या कपाळावर टिळा लावला. मग अक्षता लावल्या.

"पोरी," तो म्हणाला, "आजपासून हे सगळं तुझ्याकडे. माझ्याकडून जे व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही. ते तू कर. मी तुझ्या पाठीशी आहे."

मांडवात कोणीतरी नाक ओढलं. धुरपताबाईने पदर तोंडाला लावला.

मग कोणीतरी टाळी वाजवली.

जियालालने चमकून पाहिलं. तेरवीला टाळी? पण दुसरी वाजली, तिसरी वाजली आणि मग सगळा मांडवच वाजायला लागला. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी शिट्टी मारली. घरामागून स्पीकर खरखरला आणि त्यातून आवाज आला, "हॅलो, हॅलो, चेक... आला का गा आवाज?" आणि वायरचं भेंडोळं गळ्यात अडकवून, हातात माइक घेऊन, ओमेश्वर स्वतः मांडवात आला. पहिल्यापेक्षा जाड झाला होता.

समोरचा देखावा पाहून तो जागीच थांबला. बायकोच्या खांद्यावर शेला, बाजूला आमदार, आमदाराच्या डोळ्यांत पाणी. तो धावत आला आणि वायरीसकट जियालालच्या पाया पडला.

जियालालने त्याला दंडाला धरून उठवलं. दंड दाबून पाहिला. "तू बरा आहेस?"

"एकदम मस्त, काका."

उदारामनी त्याच्या हातातून माइक घेतला. एवढा वेळ कडेवर बसलेला हा माणूस आता मांडवाच्या मधोमध उभा होता. "गावकरी मंडळी," ते म्हणाले, "आजपर्यंत आपण काय समजत होतो? साहेबाले राग येईन. साहेब आडवे येतीन. म्हणूनच त आपण ही बैठक त्यायले न सांगता लावली. पण पाहा मोठेपण! विद्यमान आमदारसाहेबांनी स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं, आपल्या चेतनाबाईच्या अपक्ष उमेदवारीले शेला चढवला. अरे, आहे काय असा आमदार महाराष्ट्रात?"

नाही, असं जियालालला वाटलं. असा नसावा.

पोरं मोबाइल वर धरून उभी होती. इथे रेंज नव्हती, पण रेंज ही काय, मोटरसायकलवरून गोरेगावपर्यंत जाऊन आणता येते. ओमेश्वरने माइक जियालालच्या हातात दिला. माइक हातात आला की जियालालला आजवर कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आता तो उभा राहिला आणि सगळ्यांकडे पाहू लागला.

"हे पाहा," तो म्हणाला. "मला वाटलं..."

मांडव शांत झाला.

काय वाटलं होतं? या घरात माणूस मेला आहे, असं. कोणता? हा, समोर वायर गुंडाळत उभा असलेला. हे त्याच्या आईसमोर, माइकवर सांगायचं. आणि न सांगायचं तर हिरडीटोला गेला, तिकीट गेलं, इंद्रकुमारच्या मिलमध्ये आज पेढे. जियालालने धुरपताबाईकडे पाहिलं. ती मघापेक्षा वेगळ्याच नजरेने त्याच्याकडे पाहत होती. तिने डोळे पुसले होते, पण पदर अजून हातातच होता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "उशीर होतो की काय."

पुन्हा टाळ्या पडल्या.

पंगत बसली. त्याला पाट दिला, समोर पत्रावळ ठेवली आणि बाजूला बकाराम बसला. दोघेही बराच वेळ वरण-भात कालवत राहिले. वरण-भात काही इतका वेळ कालवायची गोष्ट नाही.

"केस कधी काढलेस?" शेवटी जियालालने विचारलं.

"काढले नाही, गेले," बकाराम म्हणाला. "तुमच्या दुसऱ्या टर्मपासून जाऊनच राहिले होते. तुमी पाहिले नाही."

वाढणारे बुंदी घेऊन आले, पुढे गेले. समोरच्या ओळीत चेतनाभोवती बायका जमल्या होत्या; टिळ्यासाठी टिकली काढून ठेवलेल्या तिच्या कपाळावर आता जियालालचाच टिळा होता. शेला तिच्या खांद्यावरून सारखा घसरत होता आणि ती तो सारखा वर घेत होती. एक म्हातारी तिला हातवारे करून कुठल्यातरी टोल्याची वाट समजावत होती, चेतना घास हातात धरून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "तिथं पाण्याचं काय झालं, मावशी, मंग?" जियालालने तो प्रश्न ऐकला. तो टोला त्याला माहीत होता. पाण्याचं काय झालं, ते माहीत नव्हतं.

दुर्गेश पंगतीच्या मागून वाकून आला. हळू बोलायचं त्याला जमत नसे. "साहेब, तेरवी इथं नाही म्हणते. शाळेपाशी हाये, टोल्याच्या त्या टोकाले. मांडव सेम हाये बा. लोक तुमची वाट पाहून राहिले."

जियालालचा घास हातातच राहिला. "कोणाची आहे?"

"इचारून येऊ काय?"

"राहू दे. जेवण झालं की जाऊ."

दुर्गेश गेला. बकाराम पत्रावळीकडे पाहत होता. तो जेवत नव्हता. त्याने एकदा मांडवाच्या कापडाकडे पाहिलं, मग ओमेश्वरकडे, मग जियालालच्या भिवईकडे. तिथे गुलाबी रंगाचा ठिपका अजून होता. सभेत समोरून येणारा माणूस मनात काय घेऊन येतो, ते ज्याला लांबूनच कळायचं, त्याला हे कळायला फार वेळ लागला नाही.

"भाऊ," तो म्हणाला. आतापर्यंतचं 'साहेब' कुठे गेलं होतं कोणास ठाऊक. "एक गोष्ट इचारू?"

"विचार."

"तू खरंच आमच्याकडं आला होता काय?"

जियालालने भात पुन्हा कालवायला घेतला.

"नाही, कसं हाये, चुकून झालं असन त आत्ताच सांग," बकाराम खालच्या आवाजात म्हणाला. "पोरायले मी सांगतो, ते फोटो-बिटो काढून टाकतीन. उदाराम माझ्या शब्दाबाहेर नाही. चेतनाले बी मीच समजावतो, ती माझं ऐकते. तुझं तिकीट अडकलं हाये, आमाले काय ठाऊक नाही? उगा भिडेखातर राहू नोको."

त्याने सगळी सोय करून दिली होती, पूर्वी करायचा तशीच. जियालालला फक्त मान हलवायची होती.

आपण ती का हलवत नाही, ते त्याला समजेना. पोराच्या आईची लाज वाटते म्हणून? टाळ्यांची सवय आहे म्हणून? की आज सकाळपासून गळा मोकळा आहे आणि तो तसाच राहावा असं वाटतं म्हणून? असली गोष्ट कानात सांगणारा माणूस एकच होता, आणि प्रश्न तोच विचारत होता.

पलीकडे चेतनाने शेला पुन्हा एकदा खांद्यावर ओढून घेतला.

"मंग काय रस्ता चुकून आलो?" जियालाल म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच तो घरच्या बोलीत बोलत होता. "हिरडीटोला काय आज पाहून राहिलो का मी?"

बकारामने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग त्याने आपल्या पत्रावळीवरचं अख्खं वांगं उचललं आणि जियालालच्या भातावर ठेवलं.